प्रतिक्षाच्या नावावरचे फटके

सगुणाने दोरीवरच्या गोधडीवर काठी हाणली आणि काळुराम सरांच्या मोबाईलवर आकडा उमटला, ताशी चौसष्ट किलोमीटर. शाळेच्या सॉफ्टबॉल संघातल्या निम्म्या मुलींची बॅट एवढ्या वेगाने फिरली नसती. ओटीवर चहा पीत बसलेले सर कप ठेवून उठले.

"अगं, परत मार बघू."

"कशाला? निघाली की धूळ."

"धुळीचं राहू दे. वेग बघायचाय."

सगुणाने नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि दुसरा तडाखा दिला. एकाहत्तर. तोही गोधडीवरच बसला, हे सरांचं नशीब.

काठीच्या मुठीला जी चिप होती, ती शाळेला आठ दिवसांसाठी मिळालेली होती. बोराएवढा काळा गोळा, रबरी टोपीत बसवलेला. टोपी बॅटच्या मुठीखाली चढवायची, बॅट फिरवायची, की फिरवण्याचा वेग मोबाईलवर हजर. दुपारी मैदानावर ती संघातल्या प्रतिक्षाच्या बॅटला लावली तेव्हा हव्या असलेल्या नव्वदऐवजी चौऱ्याऐंशीच आले होते आणि सरांचं तोंड उतरलं होतं. यंत्रच बिघडलेलं असेल, या आशेने त्यांनी ते घरी आणून बायकोच्या काठीला चढवून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

काळुराम सर गडब गावाजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत आणि पीटीचा तास घेत. या भागात कबड्डीला पोरी मावत नाहीत. सॉफ्टबॉलला मात्र नऊ मुली जमवताना सरांना दरवर्षी वर्गावर्गात हात जोडत फिरावं लागे. "म्हणजे क्रिकेटच का?" असं पालक विचारत आणि सर "साधारण तसंच" म्हणत, कारण यापेक्षा खरं उत्तर ऐकून घ्यायची कुणाची तयारी त्यांना नऊ वर्षांत दिसली नव्हती.

त्या नऊ वर्षांच्या भांडवलात एकच नाणं खणखणीत निघालं होतं, ते म्हणजे बारावीतली प्रतिक्षा. ती खाडीकडच्या गावातली. बाप जगन डोलवीकडे एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्ट करायचा आणि आजी धोंडुबाईने मिठागरावर चाळीस वर्षं काढली होती. पोरीने शाळेची जुनी जड बॅट उचलली की चेंडू मैदान ओलांडून बांधापलीकडच्या भातात जाई आणि पुढची पाच मिनिटं दोन्ही संघ मिळून तो शोधत बसत. ही पोर राज्याच्या स्पर्धेत खेळली, तर शहरातल्या एका कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश आणि राहायला वसतिगृह मिळेल, एवढी चौकशी सरांनी करून ठेवली होती. जगनने ती सगळी ऐकून घेतली आणि आपला निकाल दिला.

"राज्याचं पत्र आलं तर जाऊ दे तिला. माजी काय ना नाय. पण नाय आलं, तर परीक्षा झाली का कंपनीच्या कॅन्टिनला लावतो. बाया घेतायत सध्या."

तेव्हा सगळं त्या एका पत्रावर येऊन ठेपलं होतं, आणि पत्राची वाट रोह्याच्या हैबतरावांच्या टेबलावरून जात होती. हैबतराव हे जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघटनेचे सचिव. रोह्यात त्यांचं बांधकाम साहित्याचं दुकान होतं. बॅट त्यांनी कधी हातात धरली नव्हती, पण यंदा कुठला तरी व्हिडिओ पाहून त्यांना साक्षात्कार झाला होता. सगळ्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांना त्यांनी रोह्याला बोलावलं आणि फळ्यासमोर उभं राहून तो सांगितला.

"बॅटचा वेग दुप्पट झाला, तर मार चौपट होतो. हे विज्ञान आहे. आपण आजवर पोरी निवडल्या त्या डोळ्यांनी. डोळा फसतो. आकडा फसत नाही."

"पण चेंडू लागलाच नाही तर?" मागच्या बाकावरून एका मास्तरांनी विचारलं.

"चेंडू हा नंतरचा प्रश्न आहे," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर नव्वदचा आकडा काढून त्याभोवती दोनदा गोल केला.

नियम सोपे होते. प्रत्येक शाळेने एक मुलगी निवडायची, तिच्या नावाने चिप नोंदवायची. आठ दिवसांतला प्रत्येक फटका तिच्या नावावर थेट रोह्याच्या संगणकात जमा होणार. आठव्या दिवशी जिची सरासरी नव्वदच्या वर असेल, तीच मुलगी निवड चाचणीला येईल. चिपचा गैरवापर आढळला, तर शाळा तीन वर्षं बाद. हे सगळं सरांनी वहीत लिहून घेतलं होतं. वही शाळेच्या कपाटात होती आणि सर घरी.

आता गावात नवी वस्तू आली की ती आधी गावाची होते आणि मग उरलीसुरली मालकाची. सगुणाची काठी शेजारच्या विशालने कुंपणावरून पाहिली. तो कोयता घेऊनच आला. त्याचे अठ्ठावन्न आले, म्हणून त्याच्या भावाला चेव चढला. मग कुणी मुसळ आणलं, कुणी म्हशी हाकायची काठी. एका सासूबाईंनी केरसुणीला चिप बांधून सुनेला तीन वेळा झाडायला लावलं आणि आलेला आकडा साऱ्या आळीला ऐकवला. यात नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं की "मास्तर शिकलेलं हायत, त्यांच्या वस्तूला आपला हात कशाला" हे पुढे वर्षभर ऐकावं लागतं. दोन संध्याकाळी सरांच्या ओटीवर जत्रा भरली. सरांनाही, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. नऊ वर्षांत त्यांच्या खेळात गावाने एवढा रस कधीच घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी रोह्याहून फोन आला.

"काळुराम सर, तुमची ती प्रतिक्षा आजारी वगैरे आहे का?"

"नाही. का हो साहेब?"

"काल संध्याकाळी तिने ऐंशी फटके मारलेत. त्यातल्या एकाचा वेग ताशी नऊ आहे. नऊ! आमच्याकडे सायकल याहून जोरात जाते."

सर आठवू लागले. नऊ म्हणजे पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंचा ताडाच्या पानाचा पंखा. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी मोबाईल उघडून पाहिला. प्रतिक्षा, एकूण फटके दोनशे बारा, सरासरी एक्कावन्न. कोयता, मुसळ, केरसुणी, पंखा, सगळी आळी त्या पोरीच्या नावावर नांदत होती.

मधल्या सुटीत सरांनी दोघांना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. एक प्रतिक्षा आणि दुसरे विज्ञानाचे प्रणित सर, जे शाळेत गेल्याच वर्षी लागले होते. झाला प्रकार सांगितला. प्रतिक्षाने सरांच्या हातातला मोबाईल घेतला, आकडा पाहिला आणि परत दिला.

"पुसता येत नाही का हे?" सरांनी विचारलं.

"पुसायचं बटण रोह्याला आहे," प्रणित सर म्हणाले.

"सर, मग त्यांना खरं सांगा ना," प्रतिक्षा म्हणाली. "चुकून झालं म्हणावं."

"सांगितलं तर शाळा तीन वर्षं बाद."

"मग मीच मारते. पाच दिवस हायत अजून. दिवसाला दोनशे मारते."

"तुझे चौऱ्याऐंशीचे," प्रणित सरांनी मान हलवली. "तू जन्मभर मारलेस तरी सरासरी चौऱ्याऐंशीच्या वर जायची नाही."

"हलकी बॅट दिली तर माजा पण वेग वाढतो. मी बघितलंय करून. पण मग चेंडू जात नाय लांब."

"बरोबर आहे तिचं," प्रणित सर काळुराम सरांना म्हणाले. "वेगाने मार वाढतो हे खोटं नाही. पण बॅटला वजनही पाहिजे, आणि चेंडू बॅटच्या पोटात बसला पाहिजे. टोकाला लागला, तर सगळा वेग आपल्या मनगटात परत येतो आणि चेंडू जागच्या जागी. हिचं सगळं ठिकाणावर बसतं, म्हणून चौऱ्याऐंशीला चेंडू भातात जातो. नुसता वेग बघून काय होणार?"

"हे हैबतरावांना सांगाल का?"

"मी?" प्रणित सरांनी दाराकडे पाहिलं. "माझी नोकरी अजून कायम नाहीये, सर."

शहाणपण आणि कायम नोकरी एकाच माणसाकडे असण्याचा योग शाळेत फार क्वचित येतो. काळुराम सरांची नोकरी कायम होती. तेही गेले नाहीत. त्यांनी त्याऐवजी प्रणित सरांना एक गणित घातलं. एक्कावन्नची सरासरी नव्वदवर न्यायची, तर शंभराच्या वरचे किती फटके लागतील? प्रणित सरांनी कागदाच्या कडेला आकडेमोड केली. एकशे चारच्या वेगाचे पाचशे नव्वद.

"एवढ्या वेगाने मारणार कोण?" सर म्हणाले.

"माजी आजी मारंल," प्रतिक्षा म्हणाली. ती चिडून म्हणाली होती. सरांनी ते उपाय म्हणून घेतलं.

शाळा सुटल्यावर सर मोटरसायकल काढून खाडीकडच्या त्या गावी गेले. धोंडुबाई तळ्याच्या पायरीवर बसून जगनचे कंपनीतले कपडे धूत होती. कपडे धोपटायच्या तिच्या लाकडी धोपटण्याला सरांनी चिप चढवली. धोंडुबाईने पॅन्टची घडी दगडावर टाकली, पदर खोचला आणि हाणलं. एकशे चार. दुसरा, एकशे सहा. सर पायरीवर खालीच बसले.

"मास्तर, मना वाटलं काय कठीण काम हाय," धोंडुबाई म्हणाली. "आणि किती मारू?"

"पाचशे नव्वद, आजी."

"तवरे कपडे नाय आमच्या घरात. उगाच दगडावर मारून काय मिलल? गोधड्या आणा कोणाच्या."

गोधड्या आणायचा निरोप गावात फिरायला पाव तास लागला. मिठागरावर हात कसलेल्या बायका होत्या त्या. धोंडुबाई दमली की दुसरी बसे, दुसरी दमली की तिसरी, आणि कुणाचा हात कुणाला हार जाईना. एखादीचा आकडा शंभराच्या खाली आला, की बाकीच्या तिला "गो, जेवलीस का नाय?" असं विचारत. प्रतिक्षा शाळेचं दप्तर घेऊन तळ्यावर आली आणि काठावर उभी राहून बघत राहिली. तिने आजीच्या हातातलं धोपटणं घ्यायला हात पुढे केला, तर सर धावले.

"तू नको. तू आता चिपला हातच लावू नकोस. सरासरी खाली येईल."

प्रतिक्षाच्या नावावर फटका मारायची बंदी अशी एकट्या प्रतिक्षाला झाली.

"आजी, हे समदं माज्या नावावर जातंय," ती म्हणाली.

"जाऊ दे गो. आमच्याकडं तुला द्यायला दुसरं हाय तरी काय? हात हाय, तो घे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचशे नव्वद पुरे झाले आणि सरांनी चिप काढायला हात घातला. पण वरच्या आळीच्या गोधड्या अजून पायरीवर ओल्या पडल्या होत्या. त्यांच्या धुतल्या आणि आमच्या राहिल्या, असं होऊन चालणार नव्हतं. त्यावरून दोन आळ्यांत तोंडाला तोंड लागलं आणि ते मिटवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे धुणं चालू ठेवणं. धुण्याच्या चौथ्या दिवशी गावात एक गोधडी मळकी उरली नाही. सरांनी हिशेब पाहिला. एकूण फटके बाराशे चाळीस, सरासरी पंचाण्णव. आठव्या दिवशी रोह्याहून पुन्हा फोन आला, तेव्हा हैबतरावांचा आवाज भरून आला होता.

"सर, कालपरवा आजारी असल्यासारखी वाटणारी मुलगी, आणि एका दिवसात तीनशे तीनशे फटके. सगळे शंभराच्या वर. काय करून घेतलंत हो तिच्याकडून?"

"सराव," सर म्हणाले.

निवड चाचणी रोह्याला एका शाळेच्या मैदानावर होती. सर आणि प्रतिक्षा सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून रोह्याला पोचले. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर निळं कापड, त्यामागे हैबतराव आणि निवड समितीचे दोन सभासद. हैबतरावांनी प्रतिक्षाची ओळख सगळ्यांना करून दिली. आठ दिवसांत बाराशे चाळीस फटके, असं ते म्हणाले तेव्हा बाकीच्या शाळांच्या मुली तिच्याकडे घाबरून बघू लागल्या.

आधी कोलाडच्या अपेक्षाची पाळी होती. तिची बॅट हलकी, नवी, चकचकीत. फिरली की वाऱ्याचा आवाज यायचा. मोबाईलवर सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. दहा चेंडूंपैकी दोन बॅटला लागले, तेही निसटते.

मग प्रतिक्षा उभी राहिली. पहिलाच चेंडू मैदानाच्या भिंतीवर आदळला. दुसरा भिंतीवरून रस्त्यावर गेला आणि एका रिक्षावाल्याने शिव्या देत तो परत टाकला. दहाच्या दहा बॅटला लागले, त्यातले तीन बाहेर. बघणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. काळुराम सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, आता आकड्याकडे कोण बघतंय, असं त्यांना वाटलं. नऊ वर्षं शाळांच्या राजकारणात काढून माणूस एवढा भोळा राहू शकतो, हे खरं म्हणजे नवलच आहे.

टेबलामागे मात्र तिघंही मान खाली घालून मोबाईलकडेच बघत होते.

"चौऱ्याऐंशी," हैबतराव म्हणाले. "त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. हे काय आहे?"

"साहेब, चेंडू बघितलात ना?" काळुराम सर म्हणाले.

"चेंडूचं नंतर. हिची सरासरी पंचाण्णव आहे. पंचाण्णवची मुलगी चौऱ्याऐंशीवर येते म्हणजे काहीतरी झालंय." हैबतराव उठून प्रतिक्षाजवळ आले आणि त्यांनी तिचं कोपर दाबलं. "इथं दुखतं?"

"नाय."

"इथं?"

"नाय दुखत, सर. मी बरी हाय."

"बघा," हैबतराव समितीकडे वळून हळहळत म्हणाले, "पोरीला वेदनेची सवय झालीय. आठ दिवसांत बाराशे फटके म्हणजे खेळ नाही. हात गेला हिचा."

"पण तीन चेंडू भिंतीबाहेर गेले," समितीतले एक जण चाचरत म्हणाले.

"ते जुन्या ताकदीवर गेले. दिवा विझताना मोठा होतो, तसं आहे ते. आता राज्याच्या स्पर्धेत तिचा हात कायमचा गेला, तर जबाबदार कोण? तुम्ही?"

जबाबदार कोण, हा प्रश्न विचारला की कुठलीही समिती लगेच एकमताची होते. प्रतिक्षाच्या नावापुढे 'दुखापतग्रस्त' लिहिलं गेलं आणि खाली तिघांच्या सह्या झाल्या. अपेक्षाचं नाव संघात आलं. ती बिचारी स्वतःच टेबलापाशी आली.

"सर, माझे आठ चेंडू तर लागलेच नाहीत."

"वेग आहे ना? मग लागेल कधीतरी," हैबतराव प्रेमाने म्हणाले.

या सगळ्या वेळात काळुराम सर टेबलापासून चार पावलांवर उभे होते. सांगायचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. बाराशे फटके हिने मारलेच नाहीत, हिचा हात धडधाकट आहे. पण ते वाक्य बोललं, की पुढचं वाक्य बोलावं लागणार होतं, की मग ते मारले कोणी. त्यापुढचं वाक्य हैबतराव बोलले असते. आणि एवढं होऊनही हिचे चौऱ्याऐंशी ते चौऱ्याऐंशीच, म्हणजे नव्वदच्या खालीच. सरांनी स्वतःला तीनदा पटवलं की बोलून उपयोग नाही. तिसऱ्यांदा त्यांना ते पटलंसुद्धा. प्रतिक्षा त्यांच्याकडे बघत होती, तेव्हा ते बुटाची नाडी बांधायला वाकले.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. नागोठणं मागे पडलं. मग प्रतिक्षाने खिडकीतून बघत विचारलं,

"सर, त्या बाराशे चाळिसात माजे किती होते?"

"चाळीस असतील."

"चाळीस," ती म्हणाली. "मग दुखायला नको ना."

गडबला उतरताना सरांनी तिला सांगितलं, की आपण संघटनेकडे अर्ज करू, फेरविचाराचा. ती "व्हय सर" म्हणाली. अर्ज करायला हवा हे दोघांनाही कळत होतं, आणि तो होणार नाही हेही.

पंधरा दिवसांनी रोह्याहून शाळेत लिफाफा आला. संघटनेचा शिक्का मुख्याध्यापिका रोहिणी मॅडमनी पाहिला आणि लिफाफा फोडायच्या आधीच शिपायाला प्रतिक्षाच्या वर्गावर पिटाळलं. राज्याचं पत्र आलं, अशी बातमी शाळेच्या फाटकातून बाहेर पडली आणि पहिल्या शिफ्टवरून घरी निघालेल्या जगनला रस्त्यात गाठून आत घेऊन आली. तो कंपनीच्या निळ्या कपड्यांत, हेल्मेट काखेत धरून ऑफिसच्या दारात उभा राहिला. प्रतिक्षा भिंतीला टेकून उभी होती. काळुराम सर तासावरून धावत आले. समितीला अक्कल आली असेल, रिक्षावाल्यापर्यंत गेलेला चेंडू कुणाला तरी आठवला असेल, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं.

रोहिणी मॅडमनी चष्मा लावला आणि पत्र मोठ्याने वाचलं.

"आपणास कळविण्यास आनंद होतो की, राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात आपली निवड करण्यात येत आहे."

शिपायाने टाळी वाजवली. जगनने हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं आणि मुलीकडे बघून, आपल्याला जमेल तेवढं, हसला.

"संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून," मॅडमनी पुढची ओळ वाचली आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "आठ दिवसांत एका साधारण मुलीचा वेग एक्कावन्नवरून पंचाण्णववर नेण्याचे आपले कौशल्य पाहता, श्री. काळुराम सर..."

पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

"म्हंजे पत्र सरांचं हाय?" जगनने विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"आणि हिचं?"

मॅडमनी पत्राची घडी घातली. जगनने काळुराम सरांपुढे हात केला.

"अभिनंदन सर. तुमी लय केलंत पोरीसाठी." मग तो मुलीला म्हणाला, "चल गो. कॅन्टिनच्या ठेकेदाराला फोन करून ठेवतो. परीक्षा होस्तवर जागा धरून ठेवल तो."

मी हे स्वीकारत नाही, असं सर म्हणणार होते. खरोखर म्हणणार होते. पण रोहिणी मॅडमनी तेवढ्यात त्यांच्या हातात हात दिला, शाळेचं नाव राज्यात जाणार असं म्हणाल्या, आणि बाहेर पडवीत उभ्या असलेल्या दोन शिक्षकांनी पेढे कोण आणणार, हा विषय काढला. प्रतिक्षा बापामागून दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"सर, त्या अपेक्षाला एवढं सांगा. बॅट लवकर फिरवते ती. चेंडू जवळ येऊ दे म्हणावं, मग फिरव. लागंल तिचा."

सरांनी मान डोलावली. ती गेली.

पत्रासोबत संमतीचा एक छापील अर्ज होता आणि तो त्याच दिवशी रोह्याला पाठवायचा होता. सर शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसले. नाव, वय, शिक्षण, अनुभवाची वर्षं, हे भराभर भरून झालं. पुढे रकाना होता, आपण घडवलेली सर्वोत्तम खेळाडू. तिथे त्यांनी प्रतिक्षाचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्याखालचा रकाना होता, सदर खेळाडू सध्या कोणत्या संघातून खेळते. सर बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. खोलीत कुणी नव्हतं, बाहेर पेढे आलेले होते आणि कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. मग त्यांनी पेन टेकवलं आणि भूगोलाच्या नकाशात गावांची नावं लिहीत तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुखापतीमुळे खेळणे बंद'. खाली सही केली आणि ते पेढा घ्यायला बाहेर गेले.